सायकल सोप्यात ठेवावी की बाहेर?

पत्राचा सारांश (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत):

मी ३४ वर्षांचा आहे. कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या आमच्या जुन्या दुमजली घरात आई, आबा, थोरला भाऊ, वहिनी, त्यांचा पाच वर्षांचा मुलगा आणि माझी पत्नी असे आम्ही एकत्र राहतो. गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत मी नोकरी करतो आणि शक्य तितके दिवस सायकलनेच जातो; रविवारी मित्रांबरोबर पन्हाळ्याचा नाहीतर जोतिबाचा रस्ता धरतो. पहिली सायकल बोळात कुलूप लावून ठेवली असताना चोरीला गेली, म्हणून दोन वर्षांपूर्वी घेतलेली गिअरची सायकल मी सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या खोलीत, माजघराच्या दाराशेजारी ठेवतो. आबांची कॉटही सोप्यातच आहे. आधी कोणी काही बोलले नाही, दसऱ्याला आईने सायकलला झेंडूचा हारही घातला होता. या पावसाळ्यात मात्र कुरबुरी वाढल्या. वहिनींच्या साडीला चेनचे वंगण लागले, फरशीवर चिखल होतो, पुतण्या पायडल फिरवत बसतो म्हणून त्याला ओरडा बसतो. गेल्या महिन्यात रात्री मागे जायला उठलेले आबा पायडलला अडखळले. पडले नाहीत, पण नडगी सोलली. 'दिवा लावायला हवा होता' असे मी म्हणालो आणि वाद पेटला. दादा म्हणतो, विकून टाक नाहीतर बाहेर ठेव. त्याची मोटरसायकल मात्र दारासमोरच्या पत्र्याखाली ऐसपैस उभी असते आणि तिच्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. पत्नी म्हणते, एका सायकलीसाठी रोज ऐकून घेण्यापेक्षा भाड्याने वेगळे राहू. माझ्या सायकल चालवण्यालाच घरच्यांचा विरोध आहे, असे मला वाटू लागले आहे. मी काय करावे?

उत्तर:

नमस्कार.

दसऱ्याला आईने सायकलला हार घातला, हे तुम्ही पत्रात ओघाने लिहून गेला आहात, पण मला सगळ्या पत्रात तेच वाक्य महत्त्वाचे वाटले. खंडेनवमीला पूजेत काय मांडायचे हे घरातली वडीलधारी बाई ठरवते, आणि ज्या वस्तूवर घराचे पोट चालते किंवा जी वस्तू घराला आपली वाटते तिलाच त्या दिवशी हळदकुंकू लागते. तुमच्या सायकल चालवण्यालाच विरोध असलेल्या घरात असे घडले नसते. दोन वर्षे कोणी बोलले नाही, बोलणे सुरू झाले ते या पावसाळ्यात, आणि तुम्ही सांगितलेल्या प्रत्येक तक्रारीमागे एक नेमका प्रसंग आहे: साडी, फरशी, पुतण्या, आबांची नडगी. मनातून विरोध असणारी माणसे सहसा इतके नेमके बोलत नाहीत. ती 'हे कसले खूळ' असे मोघम बोलतात, आणि तसे कोणी बोलल्याचे तुमच्या पत्रात कुठेही नाही. तेव्हा 'माझ्या सायकलीला विरोध' हे गृहीत आपण आधी बाजूला ठेवू, कारण ते धरून बसलात तर यापुढची प्रत्येक साधी सूचनाही तुम्हाला हल्ला वाटेल.

आता आबांविषयी, कारण ते सर्वांत निकडीचे आहे. सायकल सोप्यात असते आणि आबांची कॉटही सोप्यात आहे, असे तुम्ही लिहिता. याचा अर्थ सायकल आबांच्या झोपण्याच्या जागेत, तीही त्यांच्या रात्रीच्या वाटेवर उभी आहे. वयस्कर माणूस रात्री उठतो तेव्हा तो अर्धवट झोपेत असतो, डोळे अंधाराला सरावलेले असतात, आणि घरातल्या इतरांची झोप मोडू नये म्हणून तो मुद्दाम दिवा लावत नाही. पन्नास वर्षे ज्या घरात वावर झाला त्या घरात पावले सवयीने पडतात. त्या सवयीच्या वाटेत एक पायडल आडवे आले आहे. उतारवयातले पडणे म्हणजे पुष्कळदा खुब्याचे हाड मोडणे, शस्त्रक्रिया आणि महिनोन्महिने अंथरुण. या वेळी नडगीवर निभावले. 'दिवा लावायला हवा होता' हे वाक्य तर्काने चुकीचे नसेल, पण ते ज्याची वस्तू त्याने म्हणण्यासारखे नव्हते, आणि वाद पेटला तो त्या वाक्यामुळे, सायकलीमुळे नव्हे, असे मला वाटते. माझा पहिला सल्ला असा, की बाकी सगळा निर्णय होईपर्यंत थांबू नका. हे वाचाल त्याच संध्याकाळी सायकल माजघराच्या दारापासून हलवा आणि आबांना त्याबद्दल दोन शब्द बोला. त्याबरोबर कॉटपासून मागच्या दारापर्यंत एखादा मंद दिवा रात्रभर जळत राहील अशी सोय करा. हा दिवा सायकल नसती तरी हवाच होता.

वहिनींचा प्रश्न थोडा वेगळा आहे आणि माझ्या मते या साऱ्या कुरबुरीचे मूळ तिथे आहे. तुमच्या पत्रात एक गोष्ट लिहिलेली नाही: सोप्याची फरशी रोज सकाळी पुसते कोण? पन्हाळ्याच्या वाटेवरची तांबडी माती चाकाच्या खाचांतून घरात येते, वाळते आणि सुटी होऊन पडते. शहाबादी फरशीच्या सांध्यांत ती बसली की एका पुसण्यात निघत नाही. चेनचे वंगण धुळीत मिसळून काळे झाले की साडीवरचा त्याचा डाग साबणाने हटत नाही. तुम्हाला सायकल ठेवायला लागणारी जागा दिसते, फुटांत मोजता येते. त्या जागेपायी रोज घडणारे काम मात्र दुसऱ्या कोणाच्या तरी वाट्याला जाते आणि ते मोजले जात नाही. एकत्र घरात जागेवरून होणारी बहुतेक भांडणे अशीच असतात, असे माझे निरीक्षण आहे. वस्तू एकाची, तिची उस्तवार दुसऱ्याची. ज्याची वस्तू त्याने तिचे पुसणे, आवरणे, हलवणे स्वतःकडे घेतले, तर तीच जागा तेवढीच भरलेली असूनही कोणाच्या डोळ्यांत खुपत नाही. म्हणून पर्यायांकडे वळण्याआधी मी तुम्हाला एवढेच विचारीन, की या दोन वर्षांत सायकलीखालची फरशी तुम्ही स्वतः कितीदा पुसली? हे उत्तर मला कळवू नका, पण वहिनींशी बोलायला जाण्यापूर्वी ते तुमच्यापाशी असू द्या.

दादांच्या मोटरसायकलीबद्दल तुम्ही जे म्हणता ते रास्त आहे, आणि तो मुद्दा तुम्ही सोडून द्यावा असे मी म्हणणार नाही. पत्र्याखालची जागा घराची आहे, एकट्याची नाही. दोन भावांपैकी एकाचे वाहन घराचे मानायचे आणि दुसऱ्याचे हौस म्हणून मोजायचे, हे बरोबर नाही, विशेषतः तुम्ही त्याच सायकलीवर कामाला जात असताना. पण दोन वाहनांची गरज सारखी नाही, हेही ध्यानात घ्या. मोटरसायकल शंभर किलोंच्या वरची, हँडल लॉक केलेली. ती उचलून कोणी नेत नाही. तुमची गिअरची सायकल तेरा-चौदा किलोंची असेल. कुलूप फक्त चाकाला आणि चौकटीला लावलेले असले तर चोर ती खांद्यावर टाकून बोळाच्या टोकाला पोचतो. त्यामुळे 'त्याची बाहेर, मग माझीही बाहेर' किंवा 'त्याची ऐसपैस, म्हणून माझी आत' अशी बरोबरी लावून उत्तर निघणार नाही. दादांकडे मागायचे ते इतकेच, की मोटरसायकल हातभर सरकवून पत्र्याखाली सायकलीपुरती चिंचोळी पट्टी मोकळी करून द्यावी. ती कशासाठी, ते पुढे येईल. आणि हे मागणे वहिनींच्या साडीच्या विषयात मिसळू नका. दोन्ही एका दमात बोललात तर 'आमची साडी खराब झाली तर हा गाडीवर घसरला' एवढेच ऐकू जाईल.

आता जागा. विकण्याचा पर्याय मी बाजूला ठेवते, कारण रोजचा कामाचा प्रवास आणि रविवारची मित्रमंडळी या दोन्ही गोष्टी त्यावर उभ्या आहेत आणि त्या सोडण्याइतके काही बिघडलेले नाही. कायम बाहेर ठेवणे शक्य आहे, पण कोल्हापूरच्या पावसाळ्यात जून ते सप्टेंबर हवेत इतका दमटपणा असतो की पत्र्याखाली थेट पाऊस लागला नाही तरी चेन, तारा आणि नटबोल्ट गंजतात. वरून प्लॅस्टिकचे आवरण घट्ट गुंडाळले तर ओल आतच कोंडते आणि गंज आणखी लवकर धरतो. तरीही ज्यांना बाहेरच ठेवावी लागते त्यांनी कुलूप चाकाभोवती लावून थांबू नये, चौकट आणि चाक एका स्थिर वस्तूशी जखडावे. पेठांतल्या कित्येक जुन्या घरांच्या जोत्यात किंवा भिंतीत जनावरे बांधण्याच्या लोखंडी कड्या अजून आहेत. अशी कडी तुमच्याकडे असेल तर तिच्याइतकी भक्कम जागा विकत मिळणार नाही. सायकल आत असो वा बाहेर, पायडलच्या आसाच्या नळीखाली खोदलेला चौकटीचा नंबर टिपून ठेवा आणि बिलासह त्याचे छायाचित्र काढा, कारण तक्रार द्यायची वेळ आली तर ओळख त्या नंबरावरच पटते.

माडीवर नेणे हा पर्याय घरातले बहुतेक लोक सुचवतील. लाकडी जिना अरुंद असेल तर रोज रात्री खांद्यावर सायकल घेऊन चढणे आणि सकाळी उतरणे पहिल्या आठवड्यात जमते, मग एखाद्या पावसाळी रात्री कंटाळा येतो आणि सायकल पुन्हा जिन्याच्या तोंडाशी उभी राहते. ती जागा माजघराच्या दारापेक्षाही वाईट. शिवाय माडीवरची खोली तुमच्या पत्नीचीही आहे. वहिनींच्या सोप्यातली अडचण उचलून पत्नीच्या खोलीत नेली तर घरातली शांतता वाढत नाही. अडचण फक्त एक मजला चढते. अडीनडीला चार दिवस माडीवर, असा मात्र या जागेचा चांगला उपयोग होईल.

भिंतीला टांगण्याची कल्पना पाहायला सुरेख आणि शहरी वर्तमानपत्रांतल्या छायाचित्रांतून आपल्याला परिचित आहे. पण जुन्या घराच्या भिंतीची आधी चौकशी करा. तुमच्या भिंती माती आणि दगडाच्या असल्या तर वरचा गिलावा कितीही टणक वाटला, तरी आतली माती ड्रिल मारल्यावर भुसभुशीत होऊन बाहेर येते आणि प्लग घट्ट बसत नाही; आज बसला तरी रोजच्या अडकवण्या-काढण्याने महिन्याभरात सैल होतो. तेरा-चौदा किलोंचे लोखंड आबांच्या कॉटच्या आसपास सैल खिळ्यावर टांगणे मला मुळीच मान्य नाही. पक्क्या विटांची आणि सिमेंटची भिंत असेल, किंवा जाड शाबूत तुळई असेल आणि सुताराने ती पाहून होकार दिला असेल, तरच टांगा. टांगायचे ठरले तर आणखी एक हिशेब करा. पुढचे चाक वर अडकवून सायकल भिंतीला उभी टांगली की ती भिंतीलगत फार थोडी रुंदी घेते, पण चाकापासून हँडलपर्यंत भिंतीतून साधारण मीटरभर बाहेर येते. त्याउलट आडवी टांगली की भिंतीवर पावणेदोन मीटर लांबी व्यापते, पण बाहेर फक्त हँडलच्या अर्ध्या रुंदीइतकी, म्हणजे तीसपस्तीस सेंटिमीटर येते. कोपरा असेल तर उभी बरी, लांब मोकळी भिंत असेल तर आडवी बरी. बाजारात जमीन आणि छत यांच्यामध्ये दाबून बसवायचा खांब मिळतो, पण लाकडी फळ्यांच्या पाटणीला तो दाब सोसत नाही, तेव्हा तुमच्या घरात त्याच्या वाटेला जाऊ नका.

मला तुमच्यासाठी सर्वांत पटणारी जागा सोप्याच्या रस्त्याकडच्या भिंतीलगतची आहे, दार आणि खिडकी यांच्यामधली, अर्थात तिथे काही अडचण नसेल तर. रात्री त्या बाजूला कोणाचे जाणे-येणे नसते. दार बंद झाल्यावर सायकल आत घ्यायची आणि सकाळी आधी तुम्हीच दार उघडून ती बाहेर काढायची, म्हणजे ती घराच्या आत जास्तीत जास्त रात्रीपुरती असेल. पण दाराची झडप पूर्ण उघडते ना, हे आधी पाहा, कारण रात्री-अपरात्री आबांना घेऊन बाहेर पडायची वेळ आली तर त्याच दारातून निघायचे आहे. तेवढी वाट मोकळी राहत नसेल तर ही जागा बाद समजा.

तिथे सायकल कशी उभी करायची, याला मी जागेइतकेच महत्त्व देते. चेन, गिअर आणि सारे वंगण सायकलच्या उजव्या अंगाला असते. ते अंग भिंतीकडे करून सायकल उभी केली तर येणाऱ्या-जाणाऱ्याच्या कपड्याला चेन लागण्याचा प्रश्नच उरत नाही, आणि पुतण्याची बोटेही तिथवर सहज पोचत नाहीत. मुलाने पायडल फिरवणे हा नुसता खोडसाळपणा समजू नका. चेन आणि दातेरी चक्र यांच्यामध्ये लहान मुलाचे बोट अडकले तर ते चिरडते, आणि एका हाताने पायडल फिरवत दुसऱ्या हाताने चेनला हात लावणे हेच मुलांना सुचते. रात्री उभी करताना मागच्या चाकात कुलूप घातले तर चाक फिरत नाही, पण पायडल मागे फिरवले की चेनही फिरतेच, म्हणून कुलपावर विसंबून राहू नका. चेनवरून जुन्या सुती साडीची रुंद पट्टी गुंडाळून ठेवा. त्यापेक्षा चांगला उपाय म्हणजे पुतण्याला रविवारी बाहेर बसवून सायकल पुसायला सोबत घ्या. चेनजवळ हात का न्यायचा नाही हे तुम्ही दाखवलेत तर आईच्या ओरडण्यापेक्षा ते त्याच्या जास्त लक्षात राहील.

राहिले भिंतीच्या विरुद्ध अंगाचे, म्हणजे डावीकडचे पायडल, जे बाहेर डोकावत राहते. आबांच्या नडगीला लागले ते असेच कुठले तरी. काही जण रोज पायडल काढून ठेवण्याचा सल्ला देतात; बहुतेक पायडलांना १५ नंबरचा पाना लागतो, आणि डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, त्यामुळे नेहमीच्या दिशेने जोर लावणारा माणूस ते आणखी आवळून बसतो. चार महिने सायकल ठेवून द्यायची असेल तेव्हा हे ठीक आहे, पण कामाला जाणाऱ्या माणसाने रोज हा खटाटोप केला तर आटे खराब होतील. हँडल सैल करून रोज आडवे फिरवण्याबद्दलही मी हेच म्हणेन, उलट त्यात धोका अधिक आहे, कारण सकाळच्या घाईत नट पुरेसा आवळला गेला नाही तर रस्त्यावर हँडल फिरेल. त्यापेक्षा दुमडणारी पायडले बसवून घ्या. ती कोणताही सायकल दुकानदार मागवून देऊ शकतो, आणि एका बोटाने दुमडली की सायकलची बाहेर आलेली रुंदी लगेच कमी होते.

आता त्या पत्र्याखालच्या पट्टीचे काम. पावसातून आलेली सायकल थेट आत आणायची नाही, हा नियम स्वतःला घालून घ्या आणि तो न मोडता पाळा. आधी ती पत्र्याखाली अर्धा-पाऊण तास निथळू द्या. चाके दोनदा जमिनीवर आपटून चिखल झाडा, टायर आणि चौकट जुन्या कापडाने पुसा, चेन कोरड्या फडक्यात धरून पायडल मागे फिरवा आणि फडक्यावर काळे येणे कमी होईपर्यंत पुसा. बरेच लोक चेनवर वंगण ओततात आणि तसेच ठेवतात. खरे तर वंगणाचे काम चेनच्या आतल्या रोलरांत असते, बाहेरच्या बाजूला राहिलेला थर फक्त धूळ धरतो आणि साड्या खराब करतो. थेंब थेंब घालून थोडा वेळ मुरू द्यायचे आणि बाहेरचे सारे पुसून काढायचे. हे केले तर निम्म्या तक्रारीचे कारणच राहत नाही, आणि चेनही जास्त टिकते. रॉकेलने चेन धुण्याचे काम घरात कधीही करू नका. ते बाहेर, विस्तवापासून दूर, आणि वापरलेले रॉकेल गटारात न ओतता. आत सायकल जिथे उभी राहणार तिथे चाकांखाली काठ असलेला रबरी किंवा प्लॅस्टिकचा ट्रे ठेवा आणि तो दर सकाळी तुम्ही स्वतः उचलून धुवा. सायकलच्या मुठीने भिंतीचा रंग खरवडत असेल तर तेवढ्या भागावर काथ्याच्या चटईचा तुकडा लावा.

तुमच्यासारखे पत्र लिहिणारे दुसरेही वाचक आहेत, म्हणून दोन गोष्टी इथेच सांगते. जिन्याखाली इन्व्हर्टर असेल तर सायकल त्याच्याशेजारी कोंबू नका. त्या बॅटरीतून निघणाऱ्या आम्लाच्या वाफांनी धातू गंजतो. आणि सायकल विजेवर चालणारी असेल तर तिची लिथियमची बॅटरी घराच्या एकुलत्या एका दाराजवळ चार्जिंगला लावू नका, सारे झोपलेले असताना तर मुळीच नाही. अशा बॅटरीने पेट घेतला तर आग फार वेगाने भडकते आणि बाहेर पडायची वाटच बंद होते. कंपनीचाच चार्जर, आणि जागे असताना चार्जिंग, एवढे पाळा.

पंचगंगेच्या बाजूला, शुक्रवार पेठेच्या खालच्या भागात किंवा दुधाळीकडे राहणाऱ्यांचा प्रश्न आणखी निराळा आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये तिथल्या तळमजल्यांत पाणी शिरले तेव्हा आधी माणसे आणि जनावरे हलवली, वस्तू मागे राहिल्या. राजाराम बंधाऱ्यावर पाण्याची पातळी ३९ फुटांवर गेली की इशारा पातळी आणि ४३ फुटांवर धोका पातळी समजतात. ३९ चा आकडा कानावर येताच सायकल वरच्या मजल्यावर किंवा उंचावरच्या नातेवाइकाकडे नेऊन ठेवावी. त्यानंतर धावपळीत तिच्याकडे लक्ष देता येणार नाही, आणि द्यायलाही नको. पुराच्या पाण्यात बुडालेली सायकल नुसती पुसून चालवू नये. बेअरिंगांत गाळ गेलेला असतो, ती पूर्ण उघडून साफ करून घ्यावी.

तुमच्या घराकडे परत येते. बोलणे कसे सुरू करावे, हे तुम्ही विचारलेले नाही, पण ते विचारायला हवे होते. सगळ्यांना एकत्र बसवून सायकलीचा विषय काढू नका. बैठक बसली की बाजू पडतात, आणि दादा एकदा चारचौघांत 'विक' म्हणाले आहेत, ते शब्द त्यांना सगळ्यांसमोर मागे घेणे जड जाईल. आधी आठ-दहा दिवस काही न बोलता काम करा: जागा बदला, ट्रे ठेवा, फरशी पुसा. मग वहिनींना स्वतंत्रपणे विचारा, की आता अडचण होते का आणि अजून कुठे होते. साडीचे वाईट वाटल्याचे सांगा, आणि सांगताना त्याला 'पण' जोडू नका. वहिनी कदाचित 'भावजी, राहू दे आता' म्हणतील. तेवढ्यावर समाधान मानू नका, त्यांच्याकडून एखादी ठोस सूचना येईपर्यंत विचारा, कारण सोप्याची घडी त्यांना तुमच्यापेक्षा चांगली माहीत आहे. दादांशी पत्र्याखालच्या पट्टीचे बोलणे त्यानंतर. तोवर वहिनींकडून त्यांना रोज ऐकावी लागणारी तक्रार थांबलेली असेल, आणि 'गाडी एवढी सरकवशील का' हे मागणे भांडणाचे न वाटता साध्या सोयीचे वाटेल. त्यांनी नकार दिलाच, तर आबांना मध्ये घाला. पण आबांच्या नडगीची खपली अजून ओली असताना नको.

सणासुदीचे मात्र आधीच ठरवून टाका. तुमचा गणपती सोप्यात बसत असेल, गौरीला माहेरवाशिणी येतात, हळदीकुंकवाला पेठेतल्या बायका येतात. त्या दिवसांत सायकल सोप्यात असता कामा नये, आणि कोणी सांगायच्या आत ती तुम्ही माडीवर नेलेली असावी. माडीची जागा मी त्यासाठीच राखून ठेवली होती. त्या चार-आठ दिवसांसाठी पत्नीची संमती आधी घ्या. गृहीत धरू नका.

शेवटी पत्नीच्या वेगळे राहण्याच्या म्हणण्याविषयी. ते तुम्ही वैतागातून आलेले म्हणून उडवून लावू नये. घरात रोज एकाला बोलणी बसतात तेव्हा ती त्याच्या जोडीदारालाही बसतात, आणि तुम्ही कामावर असताना ती कदाचित त्यांनाच अधिक ऐकावी लागत असतील. त्यांना स्पष्ट विचारा: सायकलीचा प्रश्न सुटला तर वेगळे राहण्याची इच्छा उरते का? उरत नसेल तर वर लिहिलेले करून पाहा. उरत असेल तर ती इच्छा सायकलीच्या आड न लपवता तिच्या खऱ्या कारणांसह दोघांनी मिळून तपासावी. वेगळे राहणे यात गैर काहीच नाही, पण ते सायकलवरून झाले असे घरात कायमचे बोलले जाईल, आणि आबांच्या वयात ते त्यांना सर्वांत जास्त लागेल. शिवाय फ्लॅटमध्ये गेल्याने जागेचा प्रश्न सुटतोच असे नाही. तिथे जिना आणि मधली वाट सगळ्यांची असते, आगीच्या वेळी बाहेर पडण्यासाठी ती मोकळीच ठेवावी लागते, त्यामुळे सायकल तिथे उभी करता येत नाही. खालच्या पार्किंगमधली जागा भाडेकरूला मिळेलच याची खात्री नसते, आणि मग ती पुन्हा दिवाणखान्यात येते. घर पाहायला गेलात तर भाडे विचारण्याआधी सायकल कुठे ठेवायची ते मालकाला विचारा, आणि त्याचे उत्तर करारात लिहून घ्या.